सिलिकॉन जेथे थांबते...

चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने ३ जुलै २०२३ रोजी एक निवेदन प्रसिद्ध केले. गॅलियम आणि जर्मेनियम हे दोन धातू व त्यांची काही संयुगे १ ऑगस्टपासून परवान्याशिवाय देशाबाहेर पाठविता येणार नाहीत, एवढाच त्याचा आशय होता. सोन्याचांदीच्या आणि कच्च्या तेलाच्या भावावर नजर ठेवणाऱ्या सर्वसामान्य वाचकाला ही नावे शाळेतील आवर्तसारणीपलीकडे कोठे भेटलेली असण्याची शक्यता कमीच. उद्योगजगतात मात्र या निवेदनाने खळबळ उडाली, कारण जगातील कच्च्या गॅलियमचे जवळजवळ सर्व उत्पादन एकट्या चीनमध्ये होते. हा धातू मिळेनासा झाला, तर मोबाइल फोनपासून लढाऊ विमानांच्या रडारपर्यंत अनेक गोष्टींचे उत्पादन अडचणीत येऊ शकते.

'संगणकयुग म्हणजे सिलिकॉनयुग' हे समीकरण आता सर्वांच्या परिचयाचे आहे. संगणकाचा मेंदू आणि त्याची स्मृती या दोन्ही गोष्टी सिलिकॉनच्या चिपवर उभ्या आहेत, हेही खरेच. पण आकडेमोड करणे ही एक गोष्ट झाली आणि त्या आकडेमोडीचे फलित दूरवर पोहोचविणे ही दुसरी. संदेश फोनमधून हवेत सोडायचा असो, की प्रकाशाच्या रूपाने काचेच्या तंतूत शिरवायचा असो; या शेवटच्या टप्प्यावर सिलिकॉन दुबळे पडते. तेथे ज्यांची मदत घ्यावी लागते, ते पदार्थ म्हणजे संयुगी अर्धसंवाहक. गॅलियम आर्सेनाइड, इंडियम फॉस्फाइड आणि गॅलियम नायट्राइड ही त्यांतील तीन प्रमुख नावे. जगाचा रोजचा संवाद या तीन स्फटिकांवर किती अवलंबून आहे आणि त्यात भारत कोठे उभा आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

सिलिकॉनचे दोन उणेपण

अर्धसंवाहक, म्हणजेच सेमीकंडक्टर, हा धातूइतका सहज वीज वाहू देत नाही आणि काचेइतकी अडवतही नाही. त्यात अत्यल्प प्रमाणात दुसरी मूलद्रव्ये मिसळून त्याची वाहकता हवी तशी बदलता येते. या गुणामुळेच त्यापासून ट्रान्झिस्टर बनतो. सिलिकॉन वाळूतून मिळत असल्याने मुबलक आहे. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी संयोग होऊन सिलिकॉन डायऑक्साइडचा जो पातळ थर तयार होतो, तो उत्तम विद्युतरोधक असतो. निसर्गाने दिलेल्या या आयत्या कवचामुळे एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर बसविणे शक्य झाले.

तथापि सिलिकॉनमध्ये दोन उणिवा आहेत. पहिली उणीव वेगाची. विद्युतक्षेत्र लावले असता इलेक्ट्रॉन किती चपळाईने पुढे सरकतो, याला त्याची गतिशीलता म्हणतात. शुद्ध गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही गतिशीलता सिलिकॉनच्या सुमारे सहापट असते. संदेशवहनाच्या लहरी सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतात. इलेक्ट्रॉनने तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टरचे एक टोक सोडून दुसरे गाठले नाही, तर संदेशाचे बळ वाढण्याऐवजी तो विरून जातो. वारंवारता जसजशी वाढते, तसतसा हा फरक अधिक जाचू लागतो.

दुसरी उणीव प्रकाशाची. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर येतो, तेव्हा दोन पातळ्यांमधील फरकाइतकी ऊर्जा मोकळी होते. या फरकाला ऊर्जापट्ट्यांमधील अंतर असे म्हणता येईल. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरतो आणि ती ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. सिलिकॉनमध्ये मात्र खाली येण्यासाठी त्याला बाजूलाही सरकावे लागते आणि त्याकरिता स्फटिकातील अणूंच्या कंपनांचा आधार घ्यावा लागतो. हा योग क्वचितच जुळून येतो. तो जुळेपर्यंत बहुतेक ऊर्जा उष्णतेत वाया जाते. सिलिकॉनचे दिवे किंवा लेसर बाजारात का दिसत नाहीत, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

दोन मूलद्रव्यांची मोट

सिलिकॉन आवर्तसारणीच्या चौथ्या गटात येते. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. तिसऱ्या गटातील एक मूलद्रव्य आणि पाचव्या गटातील एक मूलद्रव्य समप्रमाणात एकत्र आणले, तर तीन अधिक पाच मिळून सरासरी पुन्हा चारच येते. गॅलियम व आर्सेनिक, इंडियम व फॉस्फरस, गॅलियम व नायट्रोजन या जोड्या अशाच जमतात. जर्मनीतील सिमेन्स कंपनीत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख वेल्कर यांनी १९५२ मध्ये अशी संयुगे उत्तम अर्धसंवाहक असल्याचे दाखवून दिले आणि या विषयाचा पाया घातला गेला.

या जोड्यांमधील गॅलियमची कहाणी मोठी रंजक आहे. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये आपल्या सारणीत अ‍ॅल्युमिनियमच्या खाली एक जागा रिकामी ठेवली आणि तेथे बसणाऱ्या, तोवर कोणीही न पाहिलेल्या मूलद्रव्याला 'एका-अ‍ॅल्युमिनियम' असे नाव दिले. त्यातील 'एका' हा उपसर्ग म्हणजे संस्कृतातील 'एक' ही संख्याच होय. चारच वर्षांनी फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना हे मूलद्रव्य सापडले आणि फ्रान्सच्या प्राचीन नावावरून त्याला गॅलियम म्हटले जाऊ लागले. हा धातू २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो. मुंबईच्या मे महिन्यात तो कुपीतल्या कुपीत पाण्यासारखा होऊन बसेल.

संयुगांचा मोठा लाभ असा, की त्यांचे गुणधर्म हवे तसे बेतता येतात. गॅलियमच्या काही अणूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसविले, की ऊर्जापट्ट्यांमधील अंतर वाढते. इंडियम बसविले, की ते कमी होते. हे अंतर बदलले, की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही बदलते. सिलिकॉन हे तयार मापाचे कापड मानले, तर ही संयुगे शिंप्याने अंगाबरोबर बेतलेल्या कपड्यासारखी आहेत. अर्थात या शिलाईचे मोलही तसेच चढे आहे. स्फटिकाचे थर अणूंच्या ओळीमागून ओळी रचत वाढवावे लागतात. निर्वात पात्रात अणूंच्या झोतांनी, किंवा तापलेल्या चकतीवरून विशिष्ट वायू सोडून हे काम केले जाते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विकसित झालेल्या या दोन पद्धतींवर आजही हा सारा उद्योग चालतो.

थरांची किमया

दोन वेगवेगळी संयुगे एकावर एक चढविली, तर त्यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांना अडविता येते वा हव्या त्या दिशेने वळविता येते. ही कल्पना हर्बर्ट क्रोमर यांनी १९५७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या संदर्भात मांडली. १९६३ मध्ये क्रोमर यांनी अमेरिकेत आणि झोरेस अल्फेरोव्ह यांनी सोव्हिएत संघात ती लेसरला लागू करण्याचा विचार स्वतंत्रपणे पुढे आणला. गॅलियम आर्सेनाइडचा लेसर १९६२ मध्येच तयार झाला होता. पण त्याला द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांच्या थंडीत ठेवावे लागे आणि तो क्षणकाळच पेटे. थरांच्या रचनेमुळे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश हे दोन्ही मधल्या अरुंद पट्टीत कोंडले गेले. १९७० मध्ये लेनिनग्राडमधील अल्फेरोव्ह यांचा गट आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हायाशी व पॅनिश यांनी सामान्य तापमानाला अखंड चालणारे लेसर साकारले. क्रोमर आणि अल्फेरोव्ह यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, तो याच कार्यासाठी. उरलेला अर्धा वाटा सिलिकॉन युगाची पायाभरणी करणाऱ्या एकात्मिक मंडलाबद्दल जॅक किल्बी यांना मिळाला. माहिती तंत्रज्ञानाच्या दोन्ही बाजूंचा तो एकत्रित गौरव होता.

दुसरी मोठी झेप जपानमध्ये घेतली गेली. ट्रान्झिस्टरला इलेक्ट्रॉन पुरविण्यासाठी स्फटिकात जी परकी मूलद्रव्ये मिसळतात, तीच पुढे इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळा बनतात. फेरीवाले भर रस्त्यात बसले, की माल मिळतो खरा. पण वाहतूक खोळंबते. त्यांना शेजारच्या गल्लीत जागा दिली, तर मालही मिळतो आणि रस्ताही मोकळा राहतो. बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९७८ मध्ये नेमके हेच साधले. परकी मूलद्रव्ये अ‍ॅल्युमिनियमयुक्त थरात ठेवली आणि त्यांनी दिलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या निर्मळ गॅलियम आर्सेनाइडमध्ये धावू लागले. फुजित्सू कंपनीचे ताकाशी मिमुरा यांनी या युक्तीवर आधारलेला ट्रान्झिस्टर १९८० मध्ये जगासमोर ठेवला. 'हेम्ट' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो.

हा ट्रान्झिस्टर अतिशय क्षीण संदेशाचे बळ स्वतःचा गोंगाट फारसा न मिसळता वाढवितो. त्याचा पहिला व्यावहारिक उपयोग १९८५ मध्ये जपानमधील नोबेयामा येथील रेडिओ दुर्बिणीत झाला. पाठोपाठ उपग्रहावरील दूरचित्रवाणीच्या ग्रहणयंत्रांत तो आला आणि घराच्या छपरावरील मोठी छत्री लहान होण्यास त्याचा हातभार लागला. आज मुंबई-पुण्यातील इमारतींच्या गॅलऱ्यांतून ताटाएवढ्या छत्र्या दिसतात. उपग्रहाचे वाढलेले बळ आणि डिजिटल प्रक्षेपण यांच्याबरोबरच या गोंगाटरहित ट्रान्झिस्टरलाही त्याचे श्रेय जाते.

फोन आणि मनोरा

मोबाइल फोनचे बहुतेक काम सिलिकॉनच करते. आवाजाचे अंकांत रूपांतर करणे, चित्रे साठविणे, पडदा उजळविणे हे सारे त्याच्याच अखत्यारीत येते. पण तयार झालेला संदेश अँटेनाकडे सोडण्यापूर्वी त्याचे बळ वाढविणारा जो अ‍ॅम्प्लिफायर असतो, तो बहुतांश फोनमध्ये गॅलियम आर्सेनाइडचा असतो. ४जी फोन अधिकाधिक म्हणजे साधारण ०.२ वॅट शक्तीने संदेश सोडतो. घरातील शून्याच्या दिव्यापेक्षाही ती कितीतरी कमी असते. एवढ्या तुटपुंज्या शक्तीत काही किलोमीटरवरील मनोरा गाठायचा, तोही संदेशाची मोडतोड न करता, ही कसोटी कठीण असते. आधुनिक संदेशाची लहर क्षणात उंच तर क्षणात ठेंगणी होते. ते चढउतार तंतोतंत राखले नाहीत, तर माहितीत चुका शिरतात आणि शेजारच्या वारंवारतेवरील संभाषणातही व्यत्यय येतो.

घाटातून जाणाऱ्या गाडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, हा अनेकांचा अनुभव असतो. मनोरा दूर असला वा मध्ये डोंगर आला, की फोन आपला आवाज चढवितो, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीने चालवितो. अशा वेळी त्याने घेतलेल्या विजेपैकी किती भाग लहरींत उतरतो आणि किती उष्णतेत जातो, यावर बॅटरीचे आयुष्य ठरते. गॅलियम आर्सेनाइडने आपले स्थान टिकविले, ते या हिशेबाच्या जोरावर.

मनोऱ्यावर मात्र वेगळीच निकड असते. तेथे शेकडो ग्राहकांना एकाच वेळी सेवा द्यायची असल्याने शक्ती जास्त लागते. अधिक शक्तीसाठी अधिक व्होल्टता हवी आणि ती झेलताना स्फटिक फुटता कामा नये. येथे गॅलियम नायट्राइड कामी येते. त्याच्या ऊर्जापट्ट्यांमधील अंतर सिलिकॉनच्या तिप्पट आहे आणि ते सिलिकॉनपेक्षा सुमारे दसपट तीव्र विद्युतक्षेत्र सहन करते. निळ्या एलईडी दिव्याचा हाच पदार्थ. त्या दिव्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पदार्थापासून बनलेले ट्रान्झिस्टर आज ५जी मनोऱ्यांवर आणि आधुनिक रडारमध्ये वापरले जातात. ते तापतात फार, म्हणून त्यांचे थर बहुधा सिलिकॉन कार्बाइडच्या चकतीवर वाढवितात. ही चकती उष्णता झपाट्याने वाहून नेते.

भारतात ५जी सेवेला १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रारंभ झाला. त्यापूर्वी झालेल्या लिलावात ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढचा आणि २६ गिगाहर्ट्झचा असे नवे पट्टे विकले गेले. वारंवारता वाढली, की अधिक माहिती वाहून नेता येते. पण लहरींचा पल्ला घटतो आणि ट्रान्झिस्टरची दमछाक होते. उद्याची ६जी सेवा याहून वरच्या पट्ट्यांत जाण्याचे घाटत आहे. ट्रान्झिस्टर किती उंच जाऊ शकतो, याची चुणूक २०१४ मध्ये मिळाली. त्या वर्षी अमेरिकेतील नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीने इंडियम फॉस्फाइडवर आधारलेला, सेकंदाला एक लाख कोटी कंपनांच्या लहरीचे बळ वाढविणारा अ‍ॅम्प्लिफायर करून दाखविला.

समुद्रतळाशी धावणारा प्रकाश

फोनचा संदेश मनोऱ्यापर्यंत हवेतून जातो. पुढचा प्रवास मात्र बहुतेक वेळा काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून होतो. मुंबईच्या वाचकांना याचे विशेष अप्रूप वाटायला हवे, कारण भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालील केबलींपैकी अनेक केबली मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट रडतखडत चालू लागले होते. कॉल सेंटरपासून शेअर दलालांपर्यंत अनेकांना त्याची झळ बसली. समुद्रतळाशी पडलेल्या दोन तारांवर महानगराचा किती कारभार विसंबून आहे, याची ती जाणीव होती.

काचेतून प्रकाश जाताना तो थोडाथोडा शोषला जातो. हे शोषण तरंगलांबीप्रमाणे बदलते. गॅलियम आर्सेनाइडचे सुरुवातीचे लेसर ज्या ८५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात, तेथे जेमतेम एक-दीड किलोमीटरमध्ये निम्मा प्रकाश संपतो. १५५० नॅनोमीटरला मात्र तोच प्रकाश निम्मा होण्यासाठी सुमारे १५ किलोमीटर जावे लागते. याहून निर्मळ खिडकी काचेत दुसरी नाही. साहजिकच या तरंगलांबीचा प्रकाश देणारा स्फटिक शोधणे भाग पडले. इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस या चार मूलद्रव्यांचे प्रमाण जुळवून इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर वाढविलेल्या थरांनी ती गरज भागविली. काचेचा तंतू संदेशवहनासाठी वापरता येईल, हे १९६६ मध्ये मांडणारे चार्ल्स काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या कल्पनेला योग्य रंगाचा दिवा या स्फटिकाने पुरविला.

समुद्राखालील केबलीत साधारण ५० ते १०० किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा बळ द्यावे लागते. ७५ किलोमीटर गेलेल्या प्रकाशाचा जेमतेम बत्तिसावा हिस्सा उरलेला असतो. तेथे बसविलेल्या उपकरणात अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेचा एक तुकडा असतो. ९८० नॅनोमीटरचा लेसर त्या काचेत ऊर्जा भरतो आणि तिच्यातून जाणारा संदेशाचा प्रकाश ती ऊर्जा उचलून पुन्हा तेजस्वी होतो. हा ९८० नॅनोमीटरचा लेसरही गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवरच घडविलेला असतो. त्याला लागणारी वीज किनाऱ्यावरून हजारो व्होल्टच्या दाबाने केबलीतील तांब्याच्या नळीतून पाठवितात. एकदा समुद्रात सोडलेले हे उपकरण पंचवीस वर्षे विनातक्रार चालावे, अशी अपेक्षा असते. दुरुस्तीसाठी जहाज धाडावे लागत असल्याने स्फटिकातील बारीकसा दोषही परवडणारा नसतो.

खगोलशास्त्राच्या क्षेत्रात महाराष्ट्राचा या तंत्रज्ञानाशी जुना संबंध आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे केंद्र असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्यांनी टिपलेले दीर्घिकांचे क्षीण संदेश अर्धसंवाहक लेसरच्या प्रकाशावर स्वार होऊन, जमिनीखालील तंतूंमधूनच मुख्य केंद्रात पोहोचतात.

सिलिकॉनची कुरघोडी

असे असले तरी संयुगी अर्धसंवाहकांचा इतिहास म्हणजे निखळ विजयगाथा नव्हे. १९८० च्या दशकात गॅलियम आर्सेनाइड सिलिकॉनला संगणकातूनही हुसकावून लावील, असे अनेकांना वाटत होते. प्रसिद्ध संगणकरचनाकार सेमूर क्रे यांनी आपला क्रे-३ हा महासंगणक गॅलियम आर्सेनाइडवर उभारण्याचा घाट घातला. त्याचे एकच यंत्र १९९३ मध्ये अमेरिकेतील एका संशोधन संस्थेला देण्यात आले आणि १९९५ मध्ये त्यांच्या कंपनीचे दिवाळे वाजले. 'गॅलियम आर्सेनाइड हे भविष्याचे तंत्रज्ञान आहे आणि ते कायम भविष्याचेच राहील', असा विनोद तेव्हापासून या क्षेत्रात रूढ आहे.

या अपयशाची कारणे पदार्थातच दडलेली आहेत. गॅलियम आर्सेनाइडला सिलिकॉनसारखे विद्युतरोधक कवच आपसूक लाभत नाही. त्याची चकती ठिसूळ असते. सिलिकॉनच्या चकत्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या असताना गॅलियम आर्सेनाइडच्या बहुधा १५० मिलिमीटरच्या, तर इंडियम फॉस्फाइडच्या त्याहूनही लहान असतात. व्यास निम्मा झाला, की क्षेत्रफळ चौथाईवर येते आणि प्रत्येक चिपचा खर्च वाढतो. दरम्यान सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर लहान होत गेले आणि इलेक्ट्रॉनला कापायचे अंतरच घटल्याने त्यांचा वेगही वाढला. फोनमधील अँटेना बदलणारे स्विच पूर्वी गॅलियम आर्सेनाइडचे असत, ते २०१० च्या दशकात सिलिकॉनने बळकावले. मोटारींमधील ७७ गिगाहर्ट्झ रडारमध्येही प्रथम गॅलियम आर्सेनाइड, मग सिलिकॉन-जर्मेनियम आणि नंतर साधे सिलिकॉन असा क्रम लागला.

प्रकाशाच्या क्षेत्रात मात्र सिलिकॉनला निसर्गानेच रोखून धरले आहे. महाकाय डेटा सेंटरमध्ये हजारो संगणक एकमेकांशी प्रकाशाच्या भाषेत बोलतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारामुळे ही देवाणघेवाण प्रचंड वाढली आहे. प्रकाश वळविणे, विभागणे, त्याच्यावर संदेश चढविणे ही कामे आता सिलिकॉनच्याच चिपवर होऊ लागली आहेत. पण मुळात प्रकाश निर्माण करण्यासाठी त्या चिपला इंडियम फॉस्फाइडचा तुकडा जोडावा लागतो. इंटेल कंपनी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सांता बार्बरा शाखा यांनी २००६ मध्ये असा संकरित लेसर करून दाखविला. सिलिकॉन आणि संयुगे यांचे वैर संपून त्यांचा एकत्र संसार सुरू झाल्याचे ते चिन्ह मानता येईल.

भारत कोठे?

या विषयाच्या आरंभाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात सुमारे ५ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरींवर प्रयोग केले. ५जीच्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्याहूनही ही वारंवारता अधिक आहे. लहरी ओळखण्यासाठी त्यांनी गॅलेना या खनिजाचा वापर केला आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. अर्धसंवाहक उपकरणाचे ते पहिले पेटंट मानले जाते आणि तो अर्धसंवाहक संयुगीच होता.

त्यानंतरची वाटचाल मात्र संथ आणि मुख्यतः संरक्षणाच्या गरजेपुरती राहिली. गॅलियम आर्सेनाइडची मंडले बनविणारे गेटेक हे केंद्र हैदराबादेत संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या छत्राखाली उभे राहिले. दिल्लीतील सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने ४ इंच व्यासाची सिलिकॉन कार्बाइडची चकती आणि १५० वॅटपर्यंतचे गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर देशातच विकसित केल्याचे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई येथेही अशा स्फटिकांचे थर वाढविण्याचे संशोधन होत आले आहे. म्हणजे ज्ञानाची वानवा नाही. प्रयोगशाळेतील चकती आणि बाजारातील चिप यांमध्ये जो कारखाना लागतो, त्याची उणीव राहिली.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांचा अर्धसंवाहक कार्यक्रम मंजूर केला, तेव्हा संयुगी अर्धसंवाहकांसाठी त्यात स्वतंत्र तरतूद ठेवण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ओडिशातील भुवनेश्वर येथे सिलिकॉन कार्बाइडच्या कारखान्याला मान्यता दिली. देशातील हा पहिला व्यावसायिक संयुगी अर्धसंवाहक कारखाना असेल, असे सरकारने म्हटले. त्याचा रोख वीजवाहने, रेल्वे आणि सौरऊर्जेतील उपकरणांवर आहे. संदेशवहनाच्या चिपसाठी लागणारे गॅलियम नायट्राइड व इंडियम फॉस्फाइड यांचे मोठे उत्पादन ही त्यापुढची पायरी आहे.

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. गॅलियमची स्वतंत्र खाण कोठेही नसते. बॉक्साइटच्या दर टनामागे ते सरासरी ५० ग्रॅमच्या आसपास असते आणि बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना करताना उरणाऱ्या द्रावातून ते वेगळे काढावे लागते. इंडियम अशाच रीतीने जस्ताच्या शुद्धीकरणात हाती लागते. जगाची गॅलियमची वार्षिक गरज अवघी काही शे टनांची. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखानदारांना ते काढण्याची यातायात फायद्याची वाटत नसे. चीनने ती चिकाटीने केली आणि हळूहळू इतरांनी आपले संच बंद केले. भारतात ओडिशात बॉक्साइटचे मोठे साठे आहेत. महाराष्ट्रातही कोल्हापूर जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या पठारांवर ते सापडते. खनिज आहे, अ‍ॅल्युमिनाचे कारखानेही आहेत. त्यातील गॅलियम वेगळे काढून अतिशुद्ध करण्याची साखळी उभी करणे बाकी आहे. केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत गॅलियम आणि इंडियम ही दोन्ही नावे आहेत, एवढा दिलासा.

चीनच्या २०२३ मधील परवानापद्धतीचे पुढे काय झाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणाऱ्या गॅलियम निर्यातीवर थेट बंदी घालण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडियम फॉस्फाइडलाही परवाना सक्तीचा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेवरील बंदी २७ नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित करण्यात आली. नळ उघडणे आणि बंद करणे हे राजनीतीचे साधन बनले, असा त्याचा सरळ अर्थ. त्या भांडणात भारत पक्षकार नव्हता. पण ज्याच्याकडे आपला नळ नाही, त्याला शेजाऱ्यांच्या भांडणाचीही झळ बसू शकते.

एका फोनमध्ये गॅलियमचे प्रमाण एवढे अल्प असते, की ग्राहकाला त्याची किंमत कधी जाणवणारही नाही. म्हणूनच या धातूची टंचाई आधी बाजारभावात न दिसता मनोरे, केबली आणि रडार यांच्या रखडलेल्या मागण्यांत दिसते. सिलिकॉनच्या कारखान्यांचे भूमिपूजन आज देशात उत्साहाने होत आहे आणि ते व्हायलाही हवे. मात्र त्या कारखान्यांतून निघणाऱ्या चिपने केलेले काम जगापर्यंत पोहोचविण्यासाठी दुसऱ्या जातीचा स्फटिक लागणार आहे. तो कोणाच्या भट्टीत वाढलेला असेल, याचा निर्णय येत्या काही वर्षांतच घ्यावा लागेल. असे कारखाने आणि त्यांत काम करणारी कुशल माणसे तयार व्हायला दशक लागते, हे चीन आणि जपान या दोघांच्याही अनुभवाने दाखवून दिले आहे.